डोळ्यातला दोरा आणि न सांगितलेला प्रवास



मागील अंकात नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. त्यावर अनेक वाचकांनी आवर्जून दूरध्वनी केले, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. या अंकात मुदतठेवींवरील करकपातीचा विषय घेण्याचे मी कबूल केले होते. तो एका महिन्याने पुढे ढकलण्याची मुभा वाचकांनी द्यावी. काही वर्षांपूर्वी एका स्नेही कुटुंबात घडलेली हकिकत लिहिण्यास त्या कुटुंबाने आता संमती दिली आहे. नाव आणि गाव येऊ नये, एवढीच त्यांची अट आहे.

विषय वैद्यकीय आहे आणि मी वैद्य नाही. माझे आयुष्य बँकेच्या खातेवह्यांत गेले. तरीही लिहितो, त्याला दोन कारणे आहेत. आपल्यापैकी अनेकांची मुले, पुतणे, भाचे आज व्यापार-उद्योगानिमित्त आफ्रिकेत आहेत, हे पहिले. दुसरे कारण असे की, या हकिकतीत एक चूक माझीही आहे, आणि ती इतर कोणाच्या हातून होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

आमच्या या स्नेह्यांना सर्वजण अण्णा म्हणतात. दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी त्यांची लाकडाची वखार आणि प्लायवुडचे दुकान आहे. धाकटे चिरंजीव वाणिज्य शाखेचे पदवीधर. त्यांना गॅबॉन या देशात नोकरीची संधी आली. मध्य आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील हा देश बहुतांशी घनदाट जंगलाने व्यापलेला आहे. तेथील ओकूमे नावाचे लाकूड प्लायवुडसाठी जगभर नावाजलेले आहे. 2010 साली गॅबॉन सरकारने न कापलेल्या ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. त्यानंतर राजधानी लिब्रव्हिलजवळच्या एनकोक येथील औद्योगिक क्षेत्रात लाकडाचे पातळ पापुद्रे काढणारे अनेक भारतीय कारखाने उभे राहिले. वखारीत वाढलेल्या मुलाला लाकडाची पारख होतीच. अण्णांनी त्याला आनंदाने निरोप दिला.

तो तेथे अडीच वर्षे राहिला. त्याचे काम कारखान्यात कमी आणि आतल्या जंगलातील तोडीच्या तळांवर जास्त असे. ओंडके मोजायचे, त्यांवर खुणा करायच्या, मालमोटारी रवाना करायच्या. मलेरियाची धास्ती सर्वांनी घातलेली असल्याने रात्री तो न चुकता मच्छरदाणीत झोपे. दिवसा मात्र मोठ्या माश्या चावत. त्यांचा चावा चांगलाच दुखे. परंतु माशी चावली, ही घरी कळवण्यासारखी गोष्ट आहे, असे कोणाला वाटणार?

करार संपवून तो परतला आणि वखारीत बसू लागला. सुमारे आठ महिन्यांनी त्याचे उजवे मनगट एकाएकी सुजले. लिंबाएवढी सूज, खाज, थोडा ताठरपणा. तीन-चार दिवसांत ती आपोआप उतरली. महिन्याभराने तशीच सूज डाव्या हाताच्या कोपराखाली आली आणि तशीच गेली. गावातील डॉक्टरांनी रक्त तपासले, तेव्हा इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अडतीस टक्के निघाल्या. साधारणपणे त्या सहा टक्क्यांच्या आत असतात. वखारीत दिवसभर भुसा उडतो, तेव्हा भुशाची ॲलर्जी असावी, असा निष्कर्ष निघाला आणि खाजेच्या गोळ्या सुरू झाल्या. निष्कर्ष अगदी तर्कसंगत होता. त्यात उणीव एवढीच होती की, रुग्ण वर्षापूर्वी कोठे होता, हे डॉक्टरांनी विचारले नाही आणि घरच्यांनी सांगितले नाही.

न सांगण्यामागे थोडा संकोचही होता. मुलासाठी स्थळे पाहणे चालू होते. परदेशातून काही आजार घेऊन आला, अशी कुजबुज अशा दिवसांत कोणत्या आईबापांना हवी असते? गॅबॉनचा उल्लेख बायोडाटामध्ये अनुभवाच्या रकान्यात ठळक अक्षरांत होता. दवाखान्याच्या कागदावर तो नव्हता.

येथे माझा प्रवेश झाला. ऐंशीच्या दशकात माझी बदली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शाखेत झाली होती. हत्तीरोगाचा तो प्रदेश. रात्री दहानंतर आरोग्य खात्याचे कर्मचारी बॅटरी घेऊन दारोदार फिरत आणि बोटाला सुई टोचून रक्ताचे थेंब काचपट्टीवर घेत. या रोगाच्या सूक्ष्म अळ्या दिवसा रक्तात सापडत नाहीत, रात्रीच येतात, असे त्यांनी मला समजावले होते. पुढे मला स्वतःलाही डी.ई.सी.च्या गोळ्या घ्याव्या लागल्या होत्या. त्या अनुभवाच्या बळावर मी अण्णांना ठामपणे सांगितले, “अण्णा, हा फायलेरियाचा प्रकार असू शकतो. रक्त रात्रीच तपासून घ्या. दिवसा काही दिसायचे नाही.”

माझ्या शब्दाखातर त्यांनी प्रयोगशाळेच्या माणसाला रात्री अकरा वाजता घरी बोलावले. अहवाल निर्दोष आला. सर्वांना हायसे वाटले. एवढ्यावर मी थांबलो असतो तरी बरे होते. मी पुढे म्हणालो, “इओसिनोफिल वाढलेले आहेत, तर डी.ई.सी.चा एक कोर्स करून टाका. मीही केला होता.” वहिनींनी ओळखीच्या औषधविक्रेत्याकडून गोळ्या आणवल्या. दुसऱ्या दिवशी मुलगी पाहण्याचा कार्यक्रम होता. गोळ्यांनी चक्कर आली तर पाहुण्यांसमोर शोभा नको, म्हणून पाकीट फडताळात ठेवले गेले. ते चार दिवस तेथेच राहिले. आज मागे वळून पाहता ते विस्मरण माझ्या सल्ल्यापेक्षा कितीतरी शहाणे ठरले.

पाचव्या दिवशी सकाळी दुकान उघडताना चिरंजीवांना डाव्या डोळ्यात काहीतरी सरकल्यासारखे वाटले. केस गेला असेल म्हणून त्याने पाण्याने डोळा धुतला. वहिनींनी पापणी वर करून पाहिले आणि त्या जागीच थिजल्या. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, वरच्या पातळ पडद्याखाली, शिवणाच्या दोऱ्यासारखे काहीतरी होते आणि ते वळवळत पुढे चालले होते. आजी गुलाबपाणी घेऊन आल्या, शेजाऱ्याने चिमट्याने काढू म्हटले. थोरल्या भावाने तेवढे शहाणपण दाखवले की, त्याने कोणालाही हात लावू दिला नाही आणि मोबाईलवर मिनिटभराची चित्रफीत घेतली. जवळच्या शहरातील नेत्ररुग्णालयात पोहोचेपर्यंत दीड तास गेला. डॉक्टरांनी यंत्राखाली डोळा पाहिला तेव्हा तेथे काहीही नव्हते.

चित्रफीत पाहून डॉक्टर दोन मिनिटे गप्प राहिले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो आठ महिने कोणी विचारला नव्हता. “गेल्या काही वर्षांत आपण कोठे कोठे राहिलात?”

त्यांनी नंतर जे समजावून सांगितले आणि त्यानंतर मी स्वतः जे वाचले, ते थोडक्यात मांडतो.

या किड्याचे नाव लोआ लोआ. नखाच्या पेरापेक्षा लांब, दोऱ्यासारखा बारीक. मादी सुमारे चार ते सात सेंटिमीटर भरते, नर तीन-साडेतीन सेंटिमीटरचा असतो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील वर्षावनांतच त्याचा प्रसार होतो. कॅमेरून, गॅबॉन, दोन्ही काँगो, विषुववृत्तीय गिनी, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, नायजेरियाचा आग्नेय भाग, अंगोलाचा उत्तर भाग हे त्याचे मुख्य प्रदेश. क्रायसॉप्स नावाची, गोमाशीच्या कुळातील माशी त्याची वाहक आहे. ती जंगलातील ओल्या चिखलात आणि कुजलेल्या पाल्यात वाढते, दिवसा चावते आणि लाकडाच्या धुराकडे व हालचालीकडे आकर्षित होते. तोडीच्या तळावर धूर, माणसे आणि यंत्रे या तिन्ही गोष्टी असतात. रात्रीची मच्छरदाणी या माशीपुढे निरुपयोगी ठरते, कारण ती रात्रीची शत्रू नव्हेच.

माशीच्या चाव्यातून शिरलेल्या अळ्या पाच-सहा महिन्यांत पूर्ण वाढतात. वाढलेले किडे त्वचेखालच्या मऊ थरांतून फिरत राहतात, आणि हे फिरणे पंधरा वर्षांहूनही अधिक काळ चालू शकते. म्हणजे प्रवास संपला, पासपोर्टची मुदत उलटली, तरी पाहुणा अंगात असतो. फिरता फिरता एखादा किडा डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून जातो. हा प्रवास काही मिनिटांचा किंवा काही तासांचा असतो. दृश्य अंगावर काटा आणणारे असले, तरी त्यामुळे दृष्टी सहसा जात नाही. डोळ्यात सापडला म्हणून त्याला डोळ्याचा किडा म्हणायचे, एवढेच. खरे पाहता तो साऱ्या शरीराचा भाडेकरू असतो आणि डोळा ही त्याची केवळ खिडकी.

हातापायांवर येणाऱ्या, दोन-चार दिवसांत विरणाऱ्या सुजेला कॅलाबार सूज म्हणतात. कॅलाबार हे नायजेरियातील बंदर. फिरत्या किड्याविरुद्ध शरीराने केलेली ती प्रतिक्रिया असते. जे त्या प्रदेशात जन्मतात व वाढतात, त्यांना पुष्कळदा रक्तात अळ्या असूनही फारसा त्रास होत नाही. बाहेरून जाऊन राहिलेल्यांना मात्र सूज, खाज आणि वाढलेले इओसिनोफिल यांचा त्रास अधिक होतो. उलट त्यांच्या रक्तात अळ्या अनेकदा सापडतही नाहीत. त्यामुळे निदान आणखी कठीण होते.

या रोगाचा इतिहास वाचताना एक गोष्ट लक्षात आली. त्याची ओळख जगाला झाली ती त्याच्या मूळ प्रदेशात नव्हे. 1770 साली मोंजें नावाच्या फ्रेंच शल्यचिकित्सकाने कॅरिबियन समुद्रातील सेंट डोमिंग या बेटावर एका आफ्रिकी गुलाम स्त्रीच्या डोळ्यात हा किडा पाहिला आणि तो काढण्याचा प्रयत्न केला. तो निसटला. त्या स्त्रीचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. पुढे 1895 मध्ये एडिंबरा येथील नेत्रतज्ज्ञ डग्लस आर्गिल रॉबर्टसन यांनी ओल्ड कॅलाबार येथे राहून परतलेल्या एका स्त्रीच्या डोळ्यातून किडा बाहेर काढला आणि तिच्या अंगावर येणाऱ्या सुजेचेही वर्णन केले. क्रायसॉप्स माशीच वाहक आहे, हे रॉबर्ट लायपर यांनी 1912 च्या सुमारास दाखवून दिले. एकीला बळाने समुद्रापार नेले होते, दुसरी स्वेच्छेने जाऊन परतली होती. दोघींच्याही डोळ्यांतील किड्याचा उलगडा व्हायचा, तर त्या कोठून आल्या हे कळणे आवश्यक होते.

आता माझ्या चुकीकडे येतो. आपल्याकडील हत्तीरोगाच्या अळ्या रात्री रक्तात उतरतात, कारण त्यांची वाहक असलेली डासाची मादी रात्री चावते. लोआ लोआची वाहक माशी दिवसा चावते, म्हणून त्याच्या अळ्या दिवसा, विशेषतः सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, रक्तात सर्वाधिक असतात. ज्या वेळी वाहक रक्त प्यायला येतो, त्या वेळी अळ्या वर येतात. निसर्गाचा हा हिशेब इतका चोख आहे. मी चंद्रपुरात शिकलेला नियम खरा होता, पण तो चंद्रपूरचा होता. मी तो गॅबॉनहून आलेल्या मुलाला लावला आणि नेमक्या चुकीच्या वेळी त्याचे रक्त काढवले. त्या रुग्णालयात दुपारी साडेबारा वाजता पुन्हा नमुना घेतला, तेव्हा काचपट्टीवर अळ्या दिसल्या. दोन्ही जातींच्या अळ्यांना पातळ आवरण असते; परंतु लोआच्या अळीत पेशींचे केंद्रबिंदू शेपटीच्या अगदी टोकापर्यंत असतात, हत्तीरोगाच्या अळीचे टोक मोकळे असते. अनुभवी तंत्रज्ञ त्यावरून दोघींना ओळखतो.

दुसरी चूक याहून गंभीर होती. डी.ई.सी. हे औषध 1940 च्या दशकात अमेरिकेतील लेडरले प्रयोगशाळेत, आपल्या आंध्र प्रदेशात जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील संशोधनातून पुढे आले. हत्तीरोगाप्रमाणेच लोआवरही तेच मुख्य औषध आहे. मग अडचण कसली? अडचण अळ्यांच्या संख्येची आहे. रक्तात त्या फार मोठ्या प्रमाणात असतील, तर औषधाने त्या एकदम मरतात आणि मेंदूवर प्राणघातक परिणाम होऊ शकतो. नदीकाठच्या अंधत्वासाठी दिल्या जाणाऱ्या आयव्हरमेक्टिन या औषधानेही हाच धोका संभवतो. कॅमेरूनमध्ये असे मृत्यू झाले आणि काही भागांतील औषधवाटप त्यामुळे अडले. 2015 साली त्या देशातील ओकोला या आरोग्यक्षेत्रात एक नवी पद्धत वापरण्यात आली. मोबाईल फोनला जोडलेल्या लहानशा सूक्ष्मदर्शकाने बोटातील रक्ताच्या थेंबातील अळ्यांची हालचाल मोजायची आणि ज्यांच्यात त्या अतिप्रमाणात आहेत, त्यांनाच औषध द्यायचे नाही. सोळा हजारांहून अधिक लोकांची अशी तपासणी झाली, आणि ज्यांना औषध दिले त्यांच्यात मेंदूच्या त्या गंभीर दुष्परिणामाची एकही घटना घडली नाही. आधी मोजणी, मग औषध. बँकेत रोकड मोजल्याशिवाय पावतीवर सही करू नये, हे मी शेकडो कनिष्ठांना शिकवले; स्वतः मात्र न मोजता सही करून मोकळा झालो होतो.

चिरंजीवांच्या रक्तातील अळ्या मोजल्या, त्या सुदैवाने कमी भरल्या. डॉक्टरांनी मध्य आफ्रिकेतीलच दुसऱ्या एका कृमिरोगासाठी, म्हणजे नदीकाठच्या अंधत्वासाठी, त्वचेची आणि डोळ्यांची तपासणी केली, कारण तो रोग सोबत असल्यास डी.ई.सी.ने डोळ्यांना इजा होऊ शकते. मग त्याला रुग्णालयात ठेवून अगदी अल्प मात्रेने औषध सुरू केले आणि ती हळूहळू वाढवत सुमारे तीन आठवडे दिले. पहिल्या आठवड्यात खाज आणि किंचित ताप आला, हाताच्या कातडीखाली एक बारीक गाठ उमटून विरली. काही रुग्णांना असा कोर्स पुन्हा द्यावा लागतो. याला दुसऱ्यांदा तो द्यावा लागला. त्यानंतर सूज पुन्हा आलेली नाही.

त्या दिवसांतील एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. औषधाने अंगातील ते जीव मरणार, हे आजींच्या लक्षात आले होते. त्यांनी माळ हातात घेऊन थोडा वेळ डोळे मिटले, “मिच्छामि दुक्कडं” म्हटले आणि मग सुनेला विचारले, “दुपारची गोळी दिलीस का गं?” तीन आठवडे औषधाची वेळ आजींनीच सांभाळली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. डोळ्यात दिसणारा प्रत्येक किडा आफ्रिकेतूनच आलेला असतो, असे नाही. आपल्या देशात, विशेषतः केरळमध्ये, कुत्र्यांमधील डायरोफायलेरिया जातीचा किडा डासामार्फत माणसाच्या डोळ्यात शिरल्याच्या अनेक नोंदी आहेत. तो बहुधा एकटाच असतो आणि छोट्या शस्त्रक्रियेने काढला की काम संपते. म्हणजे सारख्याच दिसणाऱ्या दोन दोऱ्यांचे उपचार वेगळे आहेत, आणि रुग्ण कोठे राहून आला, या माहितीवर डॉक्टरांचा मार्ग ठरतो.

आपल्या वाचकांसाठी काही व्यावहारिक गोष्टी नमूद करतो.

ज्यांची मुले वर सांगितलेल्या देशांत, शहरात नव्हे तर जंगलाच्या भागात काम करतात, त्यांनी त्यांना दिवसाही पूर्ण बाह्यांचे, फिकट रंगाचे कपडे वापरण्यास, उघड्या त्वचेवर कीटकरोधक मलम लावण्यास आणि राहत्या खोलीच्या खिडक्यांना जाळ्या बसवण्यास सांगावे. मच्छरदाणी मलेरियासाठी हवीच, ती सोडू नये. दीर्घ मुक्कामासाठी प्रतिबंधक औषधाचाही पर्याय आहे. गॅबॉनमधील अमेरिकी स्वयंसेवकांवर केलेल्या आणि 1988 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्यातून एकदा दिलेल्या डी.ई.सी.ने लागण टळल्याचे दिसले. परंतु ते तज्ज्ञांच्या तपासणीनंतरच घ्यावे, दुकानातून आणून नव्हे.

परतल्यावर फिरती सूज, अकारण खाज किंवा वाढलेले इओसिनोफिल आढळल्यास, मग परतून चार वर्षे झालेली असोत, डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात देश, भाग आणि कालावधी सांगावा. रक्त दिवसा घ्यायचे की रात्री, हे त्यांनाच ठरवू द्यावे. डोळ्यात काही सरकताना दिसले, तर चोळू नये, सुई किंवा चिमटा लावू नये; जमल्यास चित्रफीत घ्यावी आणि लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. किडा दिसेनासा झाला म्हणजे रोग गेला, असे समजून घरी परतू नये.

डी.ई.सी. आणि आयव्हरमेक्टिन ही औषधे घरात पडून असतील, तर ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. कोविडच्या दिवसांत आयव्हरमेक्टिन कितीतरी घरांत येऊन पोहोचले होते. विदर्भातील ज्या जिल्ह्यांत हत्तीरोग निर्मूलनासाठी आरोग्य कर्मचारी घरी येऊन औषध देतात, तेथील रहिवाशांनी ते अवश्य घ्यावे. ती मोहीम त्यांच्या हिताची आहे. फक्त मध्य आफ्रिकेच्या जंगलभागात राहून आलेल्या सदस्याने गोळी तोंडात टाकण्यापूर्वी ती गोष्ट कर्मचाऱ्याच्या कानावर घालावी आणि आधी तपासणी करून घ्यावी. उपचार पूर्ण होऊन डॉक्टरांनी अनुमती देईपर्यंत अशा व्यक्तीने रक्तदानही करू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे. हा रोग एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला थेट लागत नाही. सहवासाने नाही, एका ताटात जेवल्याने नाही, टॉवेल-अंथरुणातून नाही, वैवाहिक संबंधांतूनही नाही. ती विशिष्ट माशी आणि ते जंगल असल्याशिवाय त्याची साखळी पुढे जात नाही.

हे मुद्दाम लिहितो, कारण अण्णांच्या घरी पाहुणे ज्या दिवशी येऊन गेले होते, ते स्थळ पुढे या आजाराची बातमी कानावर गेल्यावर मोडले. बातमी बाहेरून गेली, हे अण्णांना जास्त लागले. “आपण सांगितले असते तर निदान नीट सांगितले असते,” असे ते मला म्हणाले. पुढच्या स्थळाच्या वेळी पोहे येण्याआधीच त्यांनी डॉक्टरांची फाइल बैठकीत पुढे ठेवली. मुलीच्या वडिलांनी ती शांतपणे वाचली, डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक मागून घेतला आणि तीन दिवसांनी होकार कळवला. आज त्या घरात दोन वर्षांची नात आहे.

मी अण्णांची क्षमा मागितली तेव्हा ते हसून म्हणाले, “साहेब, तुम्ही निदान काहीतरी सुचवले. आम्ही तर मुलगा कोठून आला तेवढेही सांगितले नाही.” त्यांच्या मोठेपणाने मला अधिकच ओशाळल्यासारखे झाले. बँकेत एखादी नोंद जुळत नसेल, तर आम्ही पहिल्यांदा रक्कम पाहत नसू. व्यवहार कोठून सुरू झाला, ते मूळ पान उघडत असू. मी तेवढे केले असते, तर त्या रात्री अकरा वाजता कोणाला सुई टोचावी लागली नसती.

वाचकांनी आज एक छोटे काम करावे, अशी विनंती आहे. घरातील जो कोणी परदेशी राहून आला असेल, त्याच्या वैद्यकीय फाइलच्या पहिल्या पानावर देश, प्रदेश, केव्हापासून केव्हापर्यंत आणि कामाचे स्वरूप एवढे चार रकाने लिहून ठेवावेत. अण्णांच्या घरी ते पान आता आजींच्या औषधांच्या डब्यात घडी करून ठेवलेले असते.

पुढील अंकात, दिलेल्या शब्दाप्रमाणे, मुदतठेवींवरील करकपात.